लिवून द्या

बाईंना कोणी "हे करू नका" म्हटलं की त्या वाद घालत नसत. उजवा हात पुढे करत, तळवा वर, देवळात प्रसादासाठी करतात तसा, आणि म्हणत, "लिवून द्या." मग थांबत. समोरचा माणूस हसे, चिडे, इकडेतिकडे बघे. हात तसाच पुढे राही. मी त्यांच्या आसपास काढलेल्या दीड वर्षात कितीतरी मोठी माणसं त्या हातासमोर गप्प झालेली पाहिली. तोंडाने मनाई करायला काही लागत नाही. तीच मनाई कागदावर लिहून खाली आपलं नाव घालायची वेळ आली की माणूस विचारात पडतो. बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं.

गोंदियाहून सालेकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावात देणग्यांवर चालणारा एक धर्मादाय दवाखाना होता. त्यात एक कंपाउंडर, आठवड्यातून एकदा गोंदियाहून येणारे डॉक्टर आणि बाळंतपणांसाठी बाई. गावचे जमीनदार मालगुजार, म्हणजे माझे बाबा, दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष होते. बाई कोहळ्यांच्या घरच्या. आमच्या मुलखातले तलाव ज्यांच्या वाडवडिलांनी बांधले ते हे लोक. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी वैधव्य, आणि बाविसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला नागपूरला जायचं म्हणून हातात पहिल्यांदा पाटी. "सासरा म्हने, गेली तं वापस येऊ नको. मी म्हटलं, लिवून द्या," असं त्या सांगत. "बुढ्याले अंगठ्याशिवाय काही येत नोहतं. कायचं लिवून देते! मी गेली."

बाईंच्या खोलीत देव नव्हते, रजिस्टर होतं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडाच्या पाठीचं. प्रत्येक बाळंतपण त्यात मोठ्या, गोल, उशिरा शिकलेल्या अक्षरात लिहिलेलं असे. "झालं ते लिवायचं. व्हायले पाहिजे होतं ते नाई," हा त्यांचा नियम. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'कैची उकळायची राहिली. बाळंतिणीस ताप. चूक माझी.' कंपाउंडरांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "अहो, स्वतःच्याच विरुद्ध कशाला लिहिता?"

"मंग कोनाच्या विरुद्ध लिवू? कैचीच्या?"

दर महिन्याला ते रजिस्टर बाबांकडे सहीला येई. बाबा न वाचता सही करत.

मी तेव्हा नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिक्षण संपवून घरी आले होते. आठ वर्षं वसतिगृहात राहिल्यामुळे मला घरातल्या बायकांशी काय बोलावं ते कळत नसे, आणि बाहेरच्यांशी बोलायची सवयच नव्हती. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. सगळ्या प्रगतिपुस्तकांत तेच लिहिलेलं असे. आई म्हणे, पोरगी शांत आहे. बाई पहिल्या भेटीत म्हणाल्या, "शांत कायची, मुक्की आहे. पाहून तं सगळं राहिली." तेव्हापासून मी त्यांची मुक्की. मला राग आला नाही. माझ्याकडे नीट बघून कोणी नाव ठेवलं असं ते पहिलंच होतं.

दुसरी मोठी लढाई संपली आणि फौजेच्या जुन्या फटफट्या लिलावात निघाल्या. माझ्या दादाने एक घेतली. राइस मिलमधल्या करीम मिस्त्रींनी दोन मोडक्या घेऊन त्यांतून एक चालती केली. आणि कमिटीने दवाखान्यासाठी एक घेतली, बाजूला माणूस बसायचा डबा असलेली. विचार असा की कंपाउंडर तिच्यावरून खेडोपाडी औषधं पोचवतील. कंपाउंडर एकदा बसले, पहिल्याच वळणावर धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गेले आणि पुन्हा बसले नाहीत. दोन महिने गाडीवर कोंबड्या बसत होत्या. मग एक दिवस बाईंनी कोंबड्या हाकलल्या.

मिस्त्रींनी त्यांना तलावाच्या पारीवर शिकवलं. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. बाईंनी मुद्दाम ती जागा निवडली होती. "बाई, मैदान में सीखो, गिरोगी तो लगेगा नहीं," मिस्त्री म्हणाले. "लागलं नाई तं शिकीन कायले?" बाईंचं उत्तर. आठ दिवसांत त्या गाडी चालवू लागल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, पदर कमरेला, डोक्याला पांढरं फडकं. गोल साडी नेसणाऱ्या आमच्या नागपूरच्या मास्तरणींना ते जमलंच नसतं. बैलगाडीने जिथे पोचायला दुपार होई तिथे बाई तासाभरात पोचू लागल्या. त्या पावसाळ्यानंतरच्या पानांवर 'पोचेपर्यंत गेली' हे शब्द कमी दिसू लागले. मी ती पानं उलटून पाहिली आहेत, म्हणून सांगते.

पण लोकांना पानं दिसत नव्हती, मांड टाकून गाडीवर बसलेली विधवा दिसत होती. कमिटीचे सेक्रेटरी वकीलसाहेब होते, गोंदियाला वकिली करणारे. गाडी विकून टाकावी असा विषय त्यांनी बैठकीत काढला. बैठक आमच्या ओसरीवर होती आणि मी दाराआड होते.

"बाईमाणसाच्या हातची गाडी," वकीलसाहेब म्हणाले. "उद्या जंगलात बंद पडली म्हणजे? जबाबदार कोण?"

"पाच महिने झाले. कुठं बंद पडली?" बाईंनी विचारलं.

"इथल्या इथे फिरवण्यात काय आहे? या तुमच्या मिस्त्री आणि दादासाहेबांसारखी समुद्रापर्यंत नेऊन आणा, मग बोला."

दादा आणि मिस्त्री पौषात समुद्रावर निघणार होते, हे गावाला ठाऊक होतं. दादाने कुठल्याशा मासिकात समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याचं चित्र पाहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या खोलीत नकाशा टांगलेला होता. रायपूरवरून आगगाडीने विजयनगरम, आणि पुढे भीमुनिपट्टणम ते विशाखापट्टणम समुद्राच्या अंगाने. पेट्रोलची कूपनं तेवढ्यापुरती जमवली होती. वकीलसाहेबांनी टोमणा म्हणून तो विषय काढला. बाईंनी हात पुढे केला.

"लिवून द्या."

"काय लिहून द्या?"

"आता म्हटलं ते. गाडी समुद्रापर्यंत नेली, रस्ता पुरा केला आन चालवत घरी आनली, तं गाडी बाळंतपनाच्या कामाले राहीन. नाई आनली, तं विका."

सगळे हसले. हात हलला नाही. शेवटी बाबांना गंमत वाटली असावी. त्यांनी बैठकीच्या वहीत ते लिहायला लावलं. पण दोन परक्या पुरुषांबरोबर विधवेने एकटीने जाणं कुणालाच पटलं नसतं. बाबांनी दाराकडे पाहिलं. "आमची मुलगी बरोबर जाईल. ती डब्यात बसेल, आणि रोज काय झालं ते लिहून आणेल. ती खोटं लिहीत नाही." बाबा माझ्याबद्दल लोकांत असं काही म्हणाले याचं मला इतकं नवल वाटलं, की नाही म्हणायचं मी विसरले.

आगगाडीत तिन्ही फटफट्या मालडब्यात होत्या आणि बाई दर मोठ्या स्टेशनवर उतरून त्यांना पाहून येत. बायकांच्या डब्यात एका रायपूरच्या मावशींनी त्यांना विचारलं, "यात्रा को जा रही हो क्या, बाई?" बाई म्हणाल्या, "नाई. पैज आहे." मावशी दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

भीमुनिपट्टणमच्या अलीकडे एक चढ संपला आणि समुद्र दिसला. पुढे दादा होता. तो ओरडला आणि दोन्ही हात सोडून बसला. मिस्त्रींनी गाडी थांबवून टोपी काढली. मी डब्यात होते.  बाईंनी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ डावीकडून उजवीकडे पाहत राहिल्या. तलाव बांधणाऱ्यांच्या घरची नजर होती ती. मग म्हणाल्या, "पार नाई कुठं."

"समुद्राला पार कशी असेल, बाई?" दादा हसला.

"तेच तं म्हनून राहिली. कोनी बांधला नाई. अडवला कोनी नाई." त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "मंग हा थांबून काऊन राहिला?"

  बाई पाण्यापर्यंत चालत गेल्या, ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकली. "कोनाच्या कामाचा नाई. म्हनूनच कोनाले भेत नाई."

पुढे जे झालं ती चूक फक्त आमच्याच मुलखातली माणसं करू शकतात. आमच्याकडे तलावाचं पाणी दिवाळीनंतर उतरू लागतं. पौषात निम्मं होतं. उघडी पडलेली ओली जमीन घट्ट असते, लोक तिथे भाजीपाला लावतात, गुरं बसवतात. एकदा उतरलेलं पाणी मृगापर्यंत परत येत नाही. हे शिकावं लागत नाही, आम्ही त्यातच मोठे होतो. दुपारी आम्ही सुरूच्या बनापाशी थांबलो. कोरड्या वाळूत डब्याचं चाक रुतत होतं. खाली पाणी मागे गेलेल्या जागी ओली वाळू फरशीसारखी घट्ट होती. बाईंनी टाच मारून पाहिली. "इथं लावा. पानी उतरून राहिलं." मिस्त्रींनी पाहिलं, दादाने पाहिलं, मी पाहिलं. पाणी खरंच उतरत होतं. तिन्ही गाड्या तिथे लावून आम्ही बनात गेलो, भाकरी खाल्ली आणि आगगाडीतल्या जागरणाने चौघेही गाढ झोपलो. भरती हा शब्द मी इंग्रजीतून पाठ केलेला होता. परीक्षेत त्याला गुणही मिळाले होते.

एका कोळिणीच्या हाकेने जाग आली. दादाच्या आणि मिस्त्रींच्या गाड्या हलक्या, त्या पाण्यातून ओढून काढता आल्या. बाईंची गाडी डब्यापर्यंत बुडाली होती आणि तिसरं चाक वाळूत गेलं होतं. बाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हँडल धरून होत्या. लाट आली की त्या आणि गाडी दोघीही डोलत. "छोड़ो बाई, आप भी जाओगी!" मिस्त्री ओरडत होते.  बाई समुद्रावर ओरडत होत्या.

"गेला होता नं? मंग वापस कोनाले इचारून आला?"

वस्तीतल्या दहाबारा बाया आणि पुरुष जाळ्याचे दोर घेऊन आले. आमची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची आम्हाला. ओढताना ते जे म्हणत ते आम्हीही म्हणू लागलो. मीही म्हणत होते, मोठ्याने. गाडी वर आली तेव्हा तिच्या नळीतून पाणी आणि एक लहान खेकडा पडला. सगळी वस्ती हसली. बाई हसल्या नाहीत. वाळूवर बसून त्या गाडीकडे पाहत राहिल्या. त्या दिवशी प्रथमच मला त्यांचे हात मांडीवर रिकामे पडलेले दिसले. "आपल्या गावाहून आठ कोसांवर नाम्याची सून आहे," त्या म्हणाल्या. "माघात व्हनार. पहिलं लेकरू आडवं होतं." एवढंच. मग उठल्या आणि ज्या कोळिणीने हाक मारली होती तिला तोंडाशी ओंजळ नेऊन विचारलं, गोडं पाणी कुठे आहे?

वस्तीमागे लहानसं तळं होतं. बाईंनी आधी त्याची पार पाहिली, मान हलवली, मग गाडी तिथे ढकलत नेली. दोन दिवस मिस्त्री आणि त्या तिचा एकेक भाग उघडून तळ्याच्या पाण्याने धूत होते. बाईंचं एक लुगडं वाळूवर पसरलं होतं आणि त्यावर स्क्रू, झडपा, स्प्रिंगा क्रमाने मांडल्या होत्या, बाळंतपणाची हत्यारं मांडतात तशा. मिस्त्रींनी एक भाग उचलून दुसरीकडे ठेवला की बाई तो परत जागी ठेवत. कोळीण रोज भात आणून देई आणि गाडीच्या पोटात डोकावून बघे. तिने बाईंना बोटांनी समजावलं, पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं. "दोनदा!" बाई मला म्हणाल्या. "आन हे आपल्याले कोनी सांगितलं नाई. तुया शाळेतही नाई?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग तू बोलली काऊन नाई?"

खरं म्हणजे मला तेव्हा आठवलंच नव्हतं. पण आठवलं असतं तरी मी बोलले असते का, हे मला सांगता आलं नाही.  बाईंनी एक झडप पुसून माझ्या हातात दिली. "धर. पडू देऊ नको."

तिसऱ्या दिवशी अकराव्या लाथेला गाडी सुरू झाली. धूर पांढरा होता आणि आवाज खोकल्यासारखा, पण सुरू झाली. आम्ही रस्ता पुरा केला. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला तांबड्या मातीच्या टेकड्या आणि ताड, काही ठिकाणी रस्ता आणि काही ठिकाणी नुसती वाट. दादा पुढे, मिस्त्री मागे, मध्ये आम्ही. वाऱ्याने बाईंचं डोक्यावरचं फडकं उडालं. त्यांनी ते उडू दिलं. खुरटे, राखाडी केस सगळ्या समुद्राला दिसत होते. समोरून टांगे येत, मोटारी येत, माणसं वळून बघत. बाई कुणासाठी बाजूला झाल्या नाहीत. विशाखापट्टणमच्या बंदरावर पोचल्यावर त्यांनी टाकीवर थाप मारली. "चाल. पाहिला. आता घरी."

परतीच्या आगगाडीत माझी वही हा प्रश्न झाला. "भरतीचं लिहू नकोस," दादा म्हणाला. "गाडी चालते आहे. विषय संपला." मिस्त्रींनीही मान डोलावली. "क्या ज़रूरत है, बेटी? इंजिन बोल रहा है ना." मला दोघांचंही पटत होतं. मी लिहिलं की वकीलसाहेबांच्या हाती आयतं कोलीत मिळणार, हे मला दिसत होतं. बाई खिडकीपाशी होत्या. त्या वळल्याही नाहीत.

"झालं ते लिव."

"पण बाई, गाडी जाईल."

"जाईन तं जाईन. तू खोटं लिवलं तं मी माया रजिस्टरात कोन्या तोंडानं खरं लिवू?"

आमच्या ओसरीवर बैठक भरली. गोंदिया स्टेशनापासून बाई गाडी चालवत आल्या होत्या आणि ती अंगणात उभी होती. मी उभी राहून वाचलं.  'आम्ही पाणी उतरत असल्याचे पाहून गाड्या खाली लावल्या. भरतीचे पाणी आले. बाईंची गाडी बुडाली. ती धुऊन सुरू केली व रस्ता पुरा केला.' वकीलसाहेब हेच ऐकायला बसले होते. खारं पाणी इंजिनात गेलं, यंत्राचा काय भरवसा, हा निष्काळजीपणाच, आणि उद्या एखादी बाळंतीण वाटेत राहिली तर? ते चांगलं बोलत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी विकली जाईपर्यंत दवाखान्यामागे कुलपात ठेवावी असं ठरलं.

"गाडी आनली चालवत. शब्द तुमचाच होता, वहीत लिवला आहे," बाई म्हणाल्या. "शब्द धड गाडीचा होता, बुडालेल्या नाही," वकीलसाहेब म्हणाले. बाईंनी हात पुढे केला.

या वेळी वकीलसाहेबांनी ताबडतोब लिहून दिलं. 'कमिटीच्या ठरावानुसार बाईंनी सदर गाडी वापरू नये.' खाली झोकदार सही. बाईंनी कागदाची चौघडी केली आणि निघून गेल्या. मला वाटलं, माझ्यामुळे झालं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाई घरी आल्या आणि आईसमोर म्हणाल्या, "मुक्की, खरं बोलून उपाशी राहतेत काय? मंग खोटं बोलनाऱ्यांनी काय करावं?"

नाम्याच्या सुनेचा निरोप माघातल्या एका सकाळी आला. सालेकशाच्या बाजूचं जंगलातलं खेडं. गावातल्या बैलगाड्या धान घेऊन गोंदियाच्या मिलांवर गेलेल्या. दादा आणि त्याची गाडी नागपुरात, मिस्त्रींची उघडून पडलेली. बाईंनी कुलूप तोडलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. मी त्यांना तसं म्हणालेही. "कागद आहे," त्या म्हणाल्या. पिशवी खांद्याला लावली आणि चालत निघाल्या.

महिनाअखेर रजिस्टर सहीला आलं. त्या दिवसाच्या पानावर बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'निरोप सकाळी सहाला. गाडी दवाखान्यामागे कुलपात. चालत गेली. दुपारी दोनला पोचली. मूल आडवं. बाळंतीण वाचली. मी पोचण्याच्या घटकाभर आधी मूल गेलं. मुलगा होता.' आणि शेजारी, भाताच्या खळीने चिकटवलेला, वकीलसाहेबांच्या झोकदार सहीचा तो कागद. खाली अध्यक्षांच्या सहीसाठी नेहमीसारखी रिकामी जागा.

मी ते पान उघडूनच बाबांपुढे ठेवलं. बाबांनी लेखणी उचलली आणि सवयीने टोक कागदाला लावलं. मग त्यांची नजर वर गेली. त्यांनी ते पान वाचलं. मग मागचं वाचलं, मग त्याच्या मागचं. दुपारचा चहा गार झाला. मला वाटतं, बाबांनी इतक्या वर्षांत सही केलेलं सगळं त्या दुपारी पहिल्यांदा वाचलं. संध्याकाळी ते किल्ली घेऊन स्वतः दवाखान्यात गेले. मी मागोमाग होते.

"बाई, गाडी घ्या," बाबा म्हणाले. 

बाई ओट्यावर हत्यारं पुसत होत्या. त्या उठल्या. किल्ली घेतली नाही. हात पुढे केला, तळवा वर.

मालगुजार एका नर्सच्या ओट्यावर बसून लिहितो आहे, हे पाहायला भिंतीपलीकडे गर्दी जमली. बाबांनी त्याच रजिस्टरात, त्याच पानाखाली लिहिलं: 'गाडी बाईंकडे राहील. कोणी हरकत घेऊ नये. चूक कमिटीची.' सही केली. बाईंनी ते दोनदा वाचलं. धन्यवाद म्हणाल्या नाहीत. किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "तेल पाजावं लागन. उभी राहून कडक झाली."

पावसाळ्यात गाडीच्या रंगाखालून गंज वर आला. मीठ कितीही धुतलं तरी कुठेतरी राहतं. मिस्त्री रंग घेऊन आले, तर बाईंनी तो परत पाठवला. "राहू द्या. गेलो होतो त्याची सही आहे ते."

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास सालेकशाकडच्या जंगलात नवा दवाखाना निघाला. तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी मागून घेतला. बाबांनी गाडी त्यांच्याबरोबर दिली, आणि निरोपाच्या दिवशी एक मानपत्र द्यायचं ठरलं. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यागमूर्ती, सेवाव्रती असं बरंच लिहिलं. बाईंनी आदल्या दिवशी मागून घेतलं आणि वाचलं. "ही बाई कोन होय?" त्यांनी विचारलं. मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी सगळ्या गावासमोर वाचलं ते मानपत्र चार वाक्यांचं होतं, आणि त्यातलं दुसरं वाक्य 'गाडी भरतीत बुडाली' हे होतं. ते वाचताना वकीलसाहेब अडखळले. बाई मोठ्याने हसल्या. मग डब्यात रजिस्टरं घातली, काष्टा खोचला, पहिल्या लाथेला गाडी सुरू केली आणि तलावाच्या पारीवरून निघून गेल्या. वळणावर समोरून धानाची गाडी येत होती. गाडीवानाने बैल बाजूला घेतले.

याला आता काही महिने झाले. मागच्या आठवड्यात घरात माझ्या लग्नाची बोलणी निघाली. मी जेवताना म्हणाले की मला नर्सिंग शिकायला नागपूरला जायचं आहे, आणि नंतर सालेकशाला. एवढी दोन वाक्यं मी आमच्या पंगतीत कधी एकदम बोलले नव्हते. आईचा घास हातात राहिला. बाबा म्हणाले, "नाही. आपल्या घरातली मुलगी असलं काम करणार नाही."

 मी ताटावरून उठले, हात धुऊन पुसला आणि त्यांच्यासमोर पुढे केला.